पेपरातलं भोक

आमच्या देवगडात पेपर सकाळच्या एसटीने येतो आणि साडेनऊपर्यंत त्याला भोक पडतं. ते अण्णा पाडतात. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. पडवीतल्या झोपाळ्यावर बसून ते आधी निधनवार्ता वाचतात, मग हवामान, मग विनोदी चित्रपट्टी. तिच्यात एखादा देव, पुढारी किंवा जरा मोकळ्या तोंडाची सून आली, की कात्री मागवतात. "ह्यां आमच्या घरात चालाचां नाय!" कर्रकर्र, चौकट गायब. तो कपटा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जातो. दुपारी जेवणानंतर तो काढून ते एकटेच खुदुखुदु हसतात, हे मी खिडकीतून पाहिलंय.

माझा धाकटा एरवी पेपराला शिवत नाही. पण भोक दिसलं, की शेजाऱ्यांकडे धावलाच!

मी पडलो मास्तर. गप्प कसा बसणार? म्हटलं, "अण्णा, बाळशास्त्री जांभेकर आपल्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. १८३२ साली 'दर्पण' काढलं त्यांनी. आणि तुम्ही इथे बसून पेपर कापताय?"

"त्यांनी सासवांची टिंगल नाय छापल्यानी."

मग आणीबाणी काढली. डिसेंबर १९७५ मध्ये व्यंगचित्रकार अबू अब्राहमनी राष्ट्रपतींना बाथटबात बसवलं. आत बसल्या बसल्या ते वटहुकमावर सही करून बाहेर देतायत, असं चित्र. सेन्सॉरशिप असूनही ते छापून आलं. अण्णांच्या कात्रीतून मात्र सुटलं नसतं. राजकारणासाठी नव्हे, उघड्या अंगासाठी.

शेवटी अमेरिका गाठली. २०१२ साली तिथल्या 'डून्सबरी' या चित्रपट्टीने गर्भपाताच्या कायद्याची खिल्ली उडवली, तेव्हा काही पेपरांनी तो आठवडा छापलाच नाही, काहींनी चित्रपट्टी उचलून संपादकीय पानावर नेली. माझं म्हणणं एवढंच, की संपादकांनी हवं तर पान बदलावं, पण कात्री लावू नये. वाचकाला काय तो राग येऊ दे.

"संपादकीय पानार?" अण्णा म्हणाले. "थंय कोण वाचता?"

यावर मला उत्तर सुचलं नाही.

गेल्या सोमवारी अण्णा उठायच्या आत पेपर माझ्या हाती लागला. चित्रपट्टीत एक मास्तर वर्गात घोरतोय आणि पोरं त्याच्या टकलावर पाढे लिहितायत. मला टक्कल आहे. धाकटा माझ्याच शाळेत आहे. लोकशाही वगैरे सगळं खरं, पण कात्री शिवणाच्या डब्यात आहे हे मला पाठ होतं.

मंगळवारी मेव्हणे जेवायला येणार होते. बांगड्यांची आमटी, तिरफळं घालून. बायकोने ओलं खोबरं नि मिरच्या मिक्सरच्या भांड्यात भरल्या, बटण फिरवलं, भांडं घुर्र करून थांबलं. वीज गेली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "पेपर वाचूक नाय? आज धा ते पाच लाइट नाय. कालच्या पेपरात इलेला."

कालचा पेपर आणला. ती सूचना नेमकी भोकात. मग परसातला पाटा धुऊन घेतला, आणि बायको वाटता वाटता अण्णांच्या कात्रीचा उद्धार करू लागली. मी नारळ खवत होतो. अगदी मन लावून.

अण्णांनी तो पेपर उजेडाकडे धरला. भोकाच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. हल्ली त्यांचा हात थरथरतो.

"मास्तरानू," ते हळूच म्हणाले, "माझी कात्री इतकी सरळ चालणा नाय."