ठेकेदार, ग्रामसभा आणि टीपी बुक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मेंढा-लेखा (गडचिरोली), पाचगाव (चंद्रपूर) ही यशस्वी गावांची नेहमीची नावं सोडली तर ग्रामसभांचा वनोपजाचा, म्हणजे तेंदूपान, बांबू अशा जंगलातल्या मालाचा व्यापार खरं तर ठेकेदारच चालवतो. गावाला हिशेब झेपत नाही, तुमच्याच भागात ठेकेदाराने रॉयल्टी, म्हणजे मजुरीशिवाय मालापोटी ग्रामसभेला द्यायची रक्कम, थकवली आहे. तेव्हा सरकारने एक शिखर संस्था नेमावी आणि सगळीकडे एकच पद्धत लावावी.

पहिला मुद्दा बऱ्याच ठिकाणी खरा आहे. त्याचं कारण मात्र हंगामाच्या गणितात आहे. तेंदूची, म्हणजे विडीच्या पानाच्या झाडाची, बेलकटाई (छाटणी) फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हावी लागते. त्यानंतर साधारण दीड महिन्याने नवी, मऊ पालवी येते आणि तोडणी एप्रिल-मे मध्ये, पावसाच्या आत उरकावी लागते. म्हणजे ग्रामसभेचा ठराव, जाहिरात आणि लिलाव बेलकटाईच्या आधी हवा. हेच मार्च उलटून गेल्यावर सुरू झालं की खरेदीदार भाव पाडून बोलतो, कारण पान कुणासाठी थांबत नाही हे त्यालाही ठाऊक असतं. शिवाय तोडणीची मजुरी पान विकलं जाण्याआधी द्यावी लागते. ग्रामसभेकडे तारण नसतं, त्यामुळे बँक सहजासहजी कर्ज देत नाही. ज्याच्या हातात मजुरीची रोकड, त्याच्या हातात फळी, म्हणजे पानं मोजून घेण्याचं केंद्र. ठेकेदार शिरतो तो इथून.

यावर उपाय आहेत. लहान ग्रामसभांनी मिळून एकच जाहिरात आणि एकच लिलाव करावा. कोरचीची (जि. गडचिरोली) महाग्रामसभा, म्हणजे अनेक ग्रामसभांचा संघ, अशा एकत्र येण्याचं जवळचं उदाहरण आहे. दुसरं, रॉयल्टीतला ठरावीक हिस्सा दरवर्षी खेळतं भांडवल म्हणून वेगळ्या खात्यात ठेवावा आणि तेवढ्यावर भागेल इतक्याच फळ्या स्वतः चालवाव्यात. सगळ्या फळ्या पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नयेत. एका अवकाळी पावसात पान काळं पडलं तर भांडवलासकट लोकांचा विश्वासही जातो.

हिशेबाचं म्हणाल तर तो अवघड नाही, पण रोजचा रोज लागतो. आपल्याकडे एका पुड्यात ७० पानं आणि १००० पुड्यांचं एक प्रमाण पोतं. फळीवर मुन्शीने (खरेदीदाराच्या मोजणी कारकुनाने) शेकड्यामागे दोन पुडे जादा घेतले तर पोत्यामागे २० पुडे, म्हणजे १४०० पानं फुकट गेली. वहीत ती कुठेच दिसत नाहीत. म्हणून फळीवर दोन वह्या हव्यात : एक खरेदीदाराची, एक ग्रामसभेची. संध्याकाळी दोन्हींवर एकमेकांच्या सह्या. हे काम दहावी झालेली मुलगी चोख करते. वीस ग्रामसभांना मिळून एक पगारी हिशेबनीस देणं ही बाहेरच्या संस्थेने करण्याजोगी सर्वांत उपयोगी मदत आहे, आणि नेमकी तीच कुणी करत नाही. इमारत मिळते, यंत्र मिळतं, हिशेबनीस मिळत नाही.

आता शिखर संस्थेकडे येतो. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही.

पाचगावला (ता. गोंडपिपरी) २०१२ मध्ये १००६ हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा गावाचा हक्क, मिळाला. त्यांनी बांबूवर भर दिला आणि तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आग लावली जाते. बांबू तोडताना कोवळी काठी सोडायची, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या लगेच वर कापायचं, नाहीतर खुंटाच्या पोकळीत पाणी साचून बेट कुजतं. हे त्या रानाला लागू. तिकडे मेळघाटालगतच्या पायविहीरला उजाड जमीन मिळाली. त्यांनी ती राखली, झाडं लावली आणि सीताफळ स्वतःच्या नावाने बाजारात नेलं. सीताफळाचं दुखणं निराळंच : पिकल्यावर दोन-तीन दिवसांत संपतं आणि गर तापवला की कडू होतो. मग कुणीतरी गर काढायचं यंत्र मंजूर करतं. पण गर उणे १८ अंशांखाली सतत ठेवावा लागतो. वीज बराच वेळ गेली की तो सुटतो, पुन्हा गोठतो आणि तपकिरी पडतो. जिथे विजेचा भरवसा नाही तिथे डोळे उघडलेलं पण कडक फळ प्रतवारी करून त्याच दिवशी खोक्यातून पाठवणं जास्त फायद्याचं. एकच पद्धत लावणारी संस्था हा फरक कशी करणार? ती सगळ्यांना तेच यंत्र देईल.

उरला तुमच्या थकलेल्या रॉयल्टीचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदू गौण वनोपजात आणले. २०११ च्या एप्रिलमध्ये मेंढा-लेखाला बांबूचं वाहतूक परवान्याचं पुस्तक, म्हणजेच टीपी बुक, मिळालं, आणि २०१२ च्या नियमदुरुस्तीने परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे स्पष्टपणे आला. परवान्याशिवाय माल हलत नाही, म्हणून टीपी बुक हीच ग्रामसभेची तिजोरी. पैसे बुडतात तिथे बहुधा एकच प्रकार झालेला असतो : हंगाम ऐन भरात असताना कोऱ्या परवान्यांवर सह्या करून पुस्तक ठेकेदाराच्या माणसाकडे दिलेलं असतं. माल गोदामात पोचला की ठेकेदार म्हणतो पान हलकं निघालं, भाव पडला.

करारात मजुरी आणि रॉयल्टी वेगवेगळी लिहा. रॉयल्टीचा पहिला हप्ता तोडणीआधी घ्या. पुढे जितक्या पोत्यांचे पैसे खात्यात जमा, तितक्याच पोत्यांचा परवाना. धनादेश वटेपर्यंत तो जमा धरू नका.

माल आधीच गेला असेल तर करारनामा, दिलेल्या परवान्यांच्या स्थळप्रती आणि फळीची वही एकत्र करा. परवान्यांवरची पोती आणि वहीतली पोती जुळवून थकबाकीचा आकडा काढा, ग्रामसभेत वाचून ठराव घ्या आणि लेखी नोटीस पाठवा. ठरावाची प्रत शेजारच्या ग्रामसभांनाही द्या. जानेवारीत त्यांच्याकडे लिलावाची बोलणी सुरू होतील आणि तोच ठेकेदार तिथेही बोली लावायला येईल.