बाकावरची चाळीस मिनिटं

आज संध्याकाळी मी खोटं बोलले. कुणाचं नुकसान वगैरे काही नाही, पण पन्नाशीला टेकलेली बाई स्वतःच्या पोरीशी चोरी पकडल्यासारखी खोटं बोलते म्हणजे काय, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. (बाकी मी सगळी ठिकाणावर आहे, तेच तर दुखणं आहे.) म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते. आणि घरचे कुणी इथे नाहीत म्हणून इथे लिहितेय, मुलांच्या मते फेसबुक म्हाताऱ्यांचं आणि नवऱ्याला पासवर्ड आठवत नाही.

तर झालं असं की ऑफिस सुटल्यावर सरळ घरी न येता मी वाटेतल्या बागेत गेले, गाडी लावली, एका बाकावर जाऊन बसले. एकटी. फोन पर्समध्ये. कुणाला भेटायचं नव्हतं, चालायचं नव्हतं, प्राणायाम तर मुळीच नाही. नुसती बसले. समोर माळी पाइपने पाणी घालत होता आणि एक कुत्रं त्याच्या मागेमागे, पाणी अंगावर आलं की पळायचं आणि परत यायचं. किती वेळ बसले ते मला माहीत नव्हतं. माझ्या मुलीला माहीत होतं.

फोन वाजला. "आई, बरी आहेस ना? चाळीस मिनिटं झाली, एकाच जागी आहेस."

आता याला 'हो, बसलेय' एवढं साधं उत्तर होतं. खरं होतं. पण ते मला सुचलंच नाही हो! तोंडातून निघालं, "अगं पेट्रोल भरतेय, रांग आहे." तर ती म्हणते, "पण तिथे पंप कुठेय? बाग दाखवतंय." मग म्हटलं जुनी मैत्रीण भेटली. घरी आले तर नवरा विचारतो, कोण भेटली गं? सहजच विचारलं त्याने, संशय बिंशय काही नाही, गरीब माणूस आहे. पण मग त्या मैत्रिणीला नाव द्यावं लागलं, मग आडनाव, मग ती बँकेत लागली, मग तिला दोन मुलगे झाले. रात्री जेवणं होईपर्यंत त्या बाईचा अख्खा संसार उभा केला मी. नसलेल्या बाईचा. का, तर मी बाकावर बसले होते.

आमच्या घरात हे लोकेशनचं कसं सुरू झालं तेही सांगते, नाहीतर म्हणाल पोरीवर उगाच चिडते. गेल्या वर्षी माझे बाबा घरातून निघाले आणि परत यायचा रस्ता विसरले. चार तास. ते चार तास माझ्या वैऱ्यावरही येऊ नयेत. सापडले ते एका भल्या माणसाने त्यांचा फोन उचलला म्हणून. त्याच रात्री मुलीने सगळ्यांचे फोन गोळा केले आणि मॅपवर सगळ्यांचं लोकेशन सगळ्यांना शेअर केलं, बाबा, आम्ही दोघं, ती, आता हॉस्टेलवर असलेला तिचा भाऊ, सगळे. त्यात विचारतात, किती वेळ शेअर करू? एक तास, की तुम्ही बंद करेपर्यंत? आम्ही घेतलं बंद करेपर्यंत. आणि बंद करणार कोण? जो पहिला बंद करेल त्याच्याकडे बाकीचे चौघं वळून बघणार ना. बाबांच्या बाबतीत उपयोग आहे, मान्य, शंभर टक्के मान्य, त्यांचं सुरूच राहील. पण विसरायचा आजार बाबांना आहे. पट्टा मात्र पाचही जणांच्या गळ्यात.

आणि आता कुणीतरी खाली येऊन लिहिणारच की 'लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला'. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं ना त्याला एकदा समोर बसवायचंय मला. अहो माझ्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणूनच तर पंचाईत झाली! कुणाला भेटायला गेले असते तर सांगितलं असतं, ह्याला भेटले. डॉक्टरकडे गेले असते तर सांगितलं असतं. काहीच करत नव्हते, आणि 'काहीच नाही' हे कारण आता चालत नाही. ऑफिसात लेट मार्क पडला की खुलासा द्यावा लागतो तसा आता बसल्याचा खुलासा, वळल्याचा खुलासा, थांबल्याचा खुलासा. मागणारा प्रेमाने मागतो हे तर अजूनच वाईट, कारण मग चिडताही येत नाही.

माझा भाचा या फोन-मॅपच्याच क्षेत्रात आहे, त्याला मी मागे विचारलं होतं की बाबा रे, हे वरचे उपग्रह नेमके माझ्यावरच डोळा ठेवून का आहेत. तो हसला. म्हणाला मावशी, जीपीएसच्या उपग्रहांना तू जगात आहेस हेसुद्धा माहीत नाही. ते साधारण २०,२०० किलोमीटरवरून फक्त बोलतात, आता किती वाजले आणि मी कुठे आहे एवढंच, रेडिओ स्टेशनसारखं. तुझा फोन ऐकतो, निदान चार उपग्रहांचं ऐकतो आणि स्वतः हिशेब करून ठरवतो आपण कुठे आहोत. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं होतं! म्हणजे आकाशाचा काही दोष नाही. चुगलखोर आहे तो पर्समधला. तो हिशेब करतो आणि मग गावभर सांगत सुटतो, मॅपला, हवामानाच्या अ‍ॅपला, कुठल्या तरी टॉर्चच्या अ‍ॅपला (टॉर्चला कशाला हवं मी कुठेय? अंधार कुठे आहे ते बघायला?). आणि लोकेशन बंद केलं तरी आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज लागतो, तेही बंद केलं तरी फोन कुठल्या टॉवरच्या हद्दीत आहे ते मोबाइल कंपनीला माहीत असतंच, नाहीतर आलेला फोन पोचवणार कुठे. आणि बंद केलं म्हणजे बंद झालं असंही नाही. गूगलचं ते प्रकरण आठवतंय ना, २०१८ साली उघडकीला आलं की लोकेशन हिस्टरी बंद ठेवली तरी दुसऱ्याच एका सेटिंगच्या वाटेने नोंद होत होती, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी डॉलरच्या वर देऊन मिटवलं. कडी लावली दाराला आणि खिडकी उघडी, तीही घर बांधणाऱ्यानेच ठेवलेली.

जर्मनीत माल्टे स्पिट्झ म्हणून एक ग्रीन पार्टीचा राजकारणी आहे, त्याने आपल्या मोबाइल कंपनीशी भांडून, कोर्टात जाऊन स्वतःचाच सहा महिन्यांचा डेटा मागून घेतला. ३५,८३० ओळी निघाल्या. एका माणसाच्या! २०११ साली तिथल्या एका वर्तमानपत्राने ते सगळं नकाशावर मांडलं, तो कुठल्या ट्रेनमध्ये होता, कधी झोपला असेल, सगळं. मला त्यातलं काय लागलं सांगू, तो स्वतःचा डेटा मागायला कोर्टात गेला. माझी चाळीस मिनिटं कुणाकुणाकडे लिहिलेली आहेत ती मागायची म्हटली तर मी कुणाच्या दारात जाऊ? मुलीने निदान फोन तरी केला. बाकीच्यांनी बघितलं आणि गप्प बसले. त्यांना 'आई बरी आहेस ना' विचारायची गरज नाही.

नावं काढून टाकतो म्हणतात, म्हणे काळजी नको. २०१३ मध्ये संशोधकांनी १५ लाख लोकांचा असाच नाव नसलेला डेटा तपासला, तर कुठे आणि कधी अशा फक्त चार नोंदी पुरल्या ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी काढायला. चार. माझ्या मी मोजून बघितल्या, सकाळी घर, दुपारी ऑफिस, रविवारी बाबा, आणि आज साडेसहाला तो बाक. झाले की चार. नाव कशाला पाहिजे!

बरं, आपल्याच सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये निकाल दिलाय, ओक आणि भुयान या न्यायमूर्तींनी, की जामिनावर सोडलेल्या आरोपीला तपास अधिकाऱ्याकडे गूगल मॅपचा पिन टाकून ठेव अशी अट घालता येणार नाही, सतत कुठे आहे ते दाखवायला लावणं हा त्याच्या खाजगीपणावर घाला आहे. आरोपी! अमली पदार्थांच्या केसमधला! त्याला नको दाखवायला आणि मला मात्र पेट्रोलची रांग रचावी लागते. मी आज संध्याकाळी हे मनातल्या मनात किती वेळा म्हटलंय, पोळ्या करता करता, भांडी लावता लावता. मोठ्याने एकदाही नाही.

थांबा. जरा पाणी पिऊन आले.

आता खरं सांगायचं तर मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. मुलगा हॉस्टेलवर गेला त्या आठवड्यात मला झोप येत नव्हती, तर रात्री अकरा-साडेअकराला मी मॅप उघडायचे, त्याचा ठिपका हॉस्टेलवर दिसला की फोन उशाशी ठेवून डोळे मिटायचे. ती सवयच लागली. अजून रोज बघते. देवाला नमस्कार केल्यासारखं. त्याला कधी सांगितलं नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही. म्हणजे मुलगी जे माझं करते तेच मी त्याचं करते, फक्त मी फोन करून 'बरा आहेस ना' विचारत नाही एवढाच माझा मोठेपणा. आणि रात्री उशिरा मुलगी कॅबने येत असते तेव्हा तोच ठिपका मला हवा असतो. हो, हवा असतो. लिहिलं बघा, झालं?

पण आज त्या बाकावरून उठल्यापासून मला सारखी आई आठवतेय. माझी आई नोकरी करायची आणि दर गुरुवारी तासभर उशिरा घरी यायची. दर गुरुवारी. आम्ही लहान होतो, आम्हाला वाटायचं गुरुवारी ऑफिसात जास्त काम असतं. ती आली की बाबा विचारायचे, "उशीर झाला?" ती म्हणायची "हो", आणि पदर खोचून कामाला लागायची. झाला विषय. प्रश्नही एवढाच आणि उत्तरही एवढंच. ती गेल्यावर तिच्या ऑफिसातल्या बाई भेटायला आल्या होत्या, बोलता बोलता मी म्हटलं गुरुवारी तुम्हाला फार काम असायचं ना, तर त्या म्हणाल्या, छे, गुरुवारी तर उलट वेळेवर सुटायचो आम्ही.

कुठे जायची माहीत नाही. देवळात जात असेल, कुणाकडे जात असेल, किंवा बसत असेल कुठे तरी बाकावर. बाबांना विचारायची आता सोय नाही, त्यांना गुरुवारच आठवत नाही. पंधरा-वीस वर्षांचे गुरुवार तिने एकटीने खर्च केले आणि सोबत घेऊन गेली. आधी मला हे कळलं तेव्हा जरा दुखलं होतं, की आम्हाला सांगितलं नाही. आज नाही दुखलं. आज म्हटलं बरं झालं बाई तुझ्याकडे फोन नव्हता.

तर हे एवढं सगळं टाइप करता करता मध्ये राहवलं नाही म्हणून मुलाला मेसेज टाकला. म्हटलं, ते लोकेशन तू बंद केलंस तरी चालेल, मी रागावणार नाही. त्याचं लगेच उत्तर, "राहू दे गं मातोश्री, तुला रात्री बघायचं असतं ना." म्हणजे त्याला माहीत होतं! मला भरूनच आलं. मी म्हटलं पण तुला अडचण नाही होत? तर म्हणतो, "अडचण कसली, बाहेर जाताना मी तो फोन रूमवर चार्जिंगला लावून जातो. मित्राचा जुना फोन घेतलाय बाहेर न्यायला."

दोन मिनिटं काही सुचेना. वर्षभर रोज रात्री ज्याला बघून मी निवांत झोपतेय ते चार्जरला लावलेलं यंत्र! आधी तळपायाची आग मस्तकात गेली, एवढ्या रात्री जातो कुठे हा, आणि 'कुठे होतास काल?' असं टाइपही केलं. पाठवलं नाही. खोडलं. मग हसायलाच लागले, इतकी की आतून नवऱ्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही, त्या मैत्रिणीचा मेसेज आलाय.

का बसले होते ते तुम्हीही विचारू नका. 'काळजी घे', 'सगळं ठीक ना' वगैरे खाली लिहू नका, सगळं ठीक आहे. माळ्याचं ते कुत्रं उद्याही असेल का बघायचंय. उद्या निघताना फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहणार आहे, कुलूप लावून, सकाळपर्यंत. मुलीने बघितलंच तर ऑफिसात काम पडलंय. घरी पोचल्यावर विचारलं उशीर झाला, तर मी हो म्हणणार आहे.