बत्तीसचं पिस्तूल म्हणे टिकल्यांची बंदूक!

पंधरा दिवस झाले, एकच मेसेज फिरतोय. भावकीच्या ग्रुपवर आला, माजी सैनिकांच्या ग्रुपवर आला, परवा तर केळीच्या ग्रुपवर पण आला जिथं भावाशिवाय काही टाकायचं नाही असं ठरलंय. म्हणणं काय, तर कंबरेला लावायला छोटं पिस्तूल घ्यायचं तर ९ एमएमच घ्या, .३२ (आपलं बत्तीस, हे आकडे गोळीच्या जाडीचे, इंचात) म्हणजे दिवाळीची टिकल्यांची बंदूक, .४५ बसली की माणूस उडून पडतो, अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं, एफबीआयनं पण शेवटी ९ एमएमच निवडलं, रिव्हॉल्वर कधीच अडकत नाही, आणि बायकांसाठी .२२ बेस्ट. खाली तीन वाघांच्या इमोजी.

मी वाचून सोडून दिलं असतं, पण अमळनेरच्या माझ्या चुलतभावाला नुकतंच लायसन्स मंजूर झालंय आणि त्याचा रात्री साडेदहाला फोन, "जिभाऊ, मंग बत्तीस लेवानं नई का?" म्हणून हे लिहितोय. फौजेत होतो, हत्यार हाताळलंय, आता बाग सांभाळतो, एवढीच माझी लायकी, पटलं तर घ्या.

पहिलं म्हणजे "९ एमएमच घ्या". अरे पण घेणार कुठून? आपल्याकडे ९ एमएम पिस्तूल प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापात येतं. जिल्हाधिकारी ऑफिसातून जे लायसन्स मिळतं ते नॉन-प्रोहिबिटेडचं, प्रोहिबिटेडचा अधिकार केंद्र सरकारकडे, आणि ते शेतकऱ्या-व्यापाऱ्याला दारात आणून देत नाहीत. फौज-पोलीस जी गोळी वापरतात ती बाहेरच्या हत्यारात बसू नये हा त्यामागचा जुना हिशोब. आमच्या वरणगावच्या फॅक्टरीत छोट्या हत्यारांचा दारूगोळा बनतो, म्हणून तो कोणाच्याही कंबरेला लावता येत नाही ना. मग हा मेसेज वाचून पोरं काय करतात, सातपुड्यापलीकडून येणाऱ्या गावठी पिस्तुलांकडे बघतात. चोपड्याच्या बाजूला असा माल पकडल्याच्या बातम्या आपण पेपरात कायम वाचतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रोहिबिटेड हत्यार जवळ सापडलं तर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त चौदा. मेसेजवाल्यानं ही ओळ कुठंच टाकली नाही.

दुसरं, "माणूस उडून पडतो". हे पिक्चरमधलं आहे. .४५ ची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास. गुणाकार करून सत्तर किलोच्या माणसाला भागा, त्याला मिळतो सेकंदाला पाच-सहा सेंटिमीटरचा ढकला. याउलट रावेरला गाडी भरताना वीस किलोचा केळीचा घड वीतभर उंचीवरून खांद्यावर पडतो तेव्हा त्यात या गोळीच्या दहापट जोर असतो, आणि आपला हमाल उडून पडत नाही, शिवी देऊन पुढं चालतो. आणि गोळी पुढं जेवढा धक्का देते तेवढाच मागं हाताला बसतो, मग झाडणारा पण उडाला पाहिजे की! गोळी मारते ती ढकलून नाही, आत काय फाडते त्यानं.

आता बत्तीस टिकली आहे का. आकडे सरळ सांगतो, लपवायचं काही नाही. .३२ एसीपी, म्हणजे पिस्तुलात घालायची बत्तीसची गोळी, १८९९ ची, अमेरिकन हत्यार बनवणारा जॉन ब्राउनिंग याची, गोळी साडेचार ग्रॅमच्या थोडी वर, वेग २७५ मीटरच्या आसपास, ऊर्जा पावणेदोनशे ज्यूल. ९ एमएम साडेसात ग्रॅम, साडेतीनशे मीटर, म्हणजे साडेचारशे ज्यूलच्या वर. अडीचपटीचा फरक आहे, मान्य. दोन्ही कायदेशीर मिळत असते आणि दोन्ही हातात सारखीच बसत असती तर मी पण ९ एमएमच म्हटलं असतं. पण पावणेदोनशे ज्यूल म्हणजे टिकली नाही रे बाबांनो, युरोपात कितीतरी वर्षं पोलिसांच्या कंबरेला हेच होतं, आणि त्यानं माणसं मेलीत. खेळणं समजून ज्यानं टेबलावर ठेवलं त्याच्या घरात काय होतं ते पण वाचलंय आपण.

एफबीआयचं तर अर्धंच सांगितलंय. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत चकमक झाली, त्यांचे दोन एजंट गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी दंडातून छातीत बसली होती पण हृदयाच्या अलीकडेच थांबली, आणि तो त्यानंतरही लढत राहिला. म्हणजे मेसेजवाल्याची लाडकी ९ एमएमच तिथं कमी पडली! मग एफबीआय आधी १० एमएमकडे गेली, तिचा धक्का बऱ्याच जणांना झेपेना, मग .४० आली, आणि इतकी वर्षं फिरून परत ९ एमएम, कारण मधल्या काळात गोळ्या सुधारल्या आणि कमी धक्क्यात माणसं जास्त नेम धरतात हे कळलं. त्यांचं १९८९ चं म्हणणंच हे की हँडगनमध्ये गोळी कुठं बसते आणि पुरेशी खोल जाते का, हे महत्त्वाचं. शिवाय त्यांच्या चाचण्या फुलणाऱ्या टोकाच्या गोळ्यांच्या, आपल्याला काउंटरवर सहसा साधी जॅकेटवाली, म्हणजे धातूच्या कवचाची, न फुलणारी मिळते. त्यांचे व्हिडिओ बघून आपलं पिस्तूल निवडायचं म्हणजे पंजाबचा गहू बघून चोपड्यात पेरणी.

आणि खरा घोळ "छोटं" या शब्दात आहे, त्यावर मेसेज गप्प. फौजेतलं ९ एमएम मी भरपूर चालवलंय, तेरा गोळ्यांचं लोखंड, भरलं की किलोच्या घरात, त्या वजनातच धक्का मुरतो. तीच गोळी अर्ध्या किलोच्या तळहाताएवढ्या पिस्तुलात घाला, मुठीत दोनच बोटं मावतायत, करंगळी हवेत लटकतेय, नळी छोटी म्हणून वेग पण थोडा घटतो आणि उजेड-आवाज वाढतो. ९ एमएमचा धक्का बत्तीसच्या दुपटीहून जास्त. मी नवशिक्या पोरांना बघितलंय, पहिली गोळी कागदावर, दुसरीला डोळे आधीच मिटलेले, ट्रिगर दाबायच्या आधी मनगट खाली झुकलेलं, तिसरी मातीत. हाच पोरगा बत्तीसवर पाचही कागदावर आणतो, सगळ्या मधोमध नाही पण कागदावर. आणि मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्रीत पातळ शर्टाखाली जाड पिस्तूल कोण वागवतो? चार दिवस लावतो आणि पाचव्या दिवसापासून ते कपाटात. बाकी जे वागवतात त्यांनी घाम पुसून तेलाचं फडकं फिरवत जा, म्यानाच्या बाजूनं गंज आधी धरतो.

"रिव्हॉल्वर अडकत नाही." कमी अडकतं, एवढंच. रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार दाणे गेले की सिलिंडर फिरायला कुरकुरतो, ते मी स्वतः जुन्या टूथब्रशनं काढलेत. पिस्तुलाचं पण सांगतो, .३२ एसीपीच्या बुडाची कड जराशी बाहेर असते, मॅगझीन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या मागं गेली की तिथंच गाठ बसते आणि ती झटक्यानं सुटत नाही. म्हणून वरची गोळी पुढं सरकवून मगच दाबायची.

यातच सगळ्यात महाग चूक होते. बत्तीस म्हणजे सगळं एकच बत्तीस नाही! पिस्तुलाच्या गोळीचं केस, म्हणजे पितळी पुंगळी, १७ मिलिमीटरचं, रिव्हॉल्वरचं २३ चं, कड जाड, गोळी जड. दोन्ही शेजारी उभ्या करा, एक दुसरीच्या खांद्याला लागते. लायसन्सवर नुसतं ".३२" लिहून आणू नका, पिस्तूल की रिव्हॉल्वर हे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर दुकानदार परत पाठवतो आणि तुमच्या चकरा सुरू.

राहिलं बायकांसाठी .२२. बाईचा हात लहान म्हणून नेम लहान असतो का? .२२ मध्ये पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, तो नीट पसरला नसला की घोडा पडतो आणि नुसतं टक वाजतं. सरावाला झकास आहे, स्वस्त, धक्का नाही. पण जिवावर बेतलं असताना तो "टक" मला नको, मग हात बाईचा असो की पैलवानाचा. २०१४ ला बायकांसाठी म्हणून निर्भीक नावाचं रिव्हॉल्वर काढलं ते पण बत्तीसच होतं, अर्ध्या किलोचं, सव्वा लाखाच्या आसपास किंमत. हलकं केल्यानं धक्का वाढतो ही गोष्ट तेव्हा पण जाहिरातीत नव्हती.

चुलतभावाला मी एवढंच म्हटलं, दुकानात जा, दोन-तीन बत्तीस रिकामी हातात धर, करंगळी कुठं जाते बघ, स्लाइड ओल्या हातानं मागं ओढता येते का बघ, मग पैसे मोज. तो म्हणे, "आनि वाघना मेसेज?" म्हटलं, तो केळीच्या ग्रुपवर राहू दे, तिथं तसाही भाव पडलाय.