‘दगड अजिबात चमकत नाही’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आमच्या धार लावायच्या दगडांच्या जोडीला एक तारा देऊन तुम्ही लिहिलं आहे की अर्धा तास सुरी घासली तरी दगड चमकला नाही. मग स्वयंपाकघरात जोडीतले दोन्ही दगड एकमेकांवर घासले, तर उजेडाऐवजी जळकट वास आला आणि दगडावर ओरखडे उठले. तेव्हा ‘दगडावर दगड घासला की चमकतो’ ही आमची जाहिरात म्हणजे शुद्ध थाप, असं तुमचं म्हणणं.

वासाचं लिहिलंत ते बरं केलंत. हे दगड क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे. क्वार्ट्झवर क्वार्ट्झ दाबून घासला की तो वास येतोच, गारगोट्या घासणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. म्हणजे उजेडही पडला असणार, फक्त डोक्यावर दिवा चालू होता. हा उजेड फार मंद असतो. खोलीत मिट्ट काळोख करा, मोबाइल बाहेर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं नुसते बसा आणि मग घासा. दगड तेलकट असतील तर आधी स्वच्छ पुसा, नाहीतर ते नुसते घसरतात. जिथे घासलं जातं तिथे दगडाच्या आतून फिकट पिवळसर उजेड येतो आणि हात थांबला की लगेच विझतो. ती ठिणगी नव्हे, त्याने काही पेटत नाही; काचेच्या भांड्यात पाण्याखाली घासलं तरी दिसतो. खरं तर तसंच करा. कोरडं घासताना उडणारी भुकटी सिलिकाची असते, ती नाकात जाऊ नये.

सुरीचं म्हणाल तर तिथे उजेडाची वाट पाहूच नका. हा दगड नोव्हाक्युलाइटचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा क्वार्ट्झ. मोहस् मापावर काठिण्य ७. पातं त्याहून मऊ, म्हणून झिजतं ते पातं. उजेड मात्र क्वार्ट्झचे कण तुटताना पडतो. साखरेचंही तसंच: कडक साखर अंधारात खरवडली की चमकते, हे इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने १६२० मध्येच लिहून ठेवलं आहे. जाहिरातीतही आम्ही ‘दगडावर दगड’ असंच म्हटलं आहे.

ओरखड्यांबद्दल स्पष्टच सांगतो. धार लावायची बाजू या खेळासाठी नाही. कडा किंवा मागची बाजू वापरा, असं सोबतच्या कागदावर ठळक छापलं आहे. त्यामुळे पूर्ण पैसे परत मिळणार नाहीत. पण दगड वाया गेलेला नाही. सपाट काचेवर सिलिकॉन कार्बाइडची भुकटी आणि पाणी घेऊन घासला की पुन्हा सपाट होतो. कंटाळवाणं काम आहे, हात भरून येतात. नको असेल तर दोन्ही दगड आमच्याकडे पाठवा, आम्ही करून देऊ. फक्त पाठवणीचा खर्च तुमचा.

एक मात्र विचारायचं आहे. अर्धा तास घासलेली ती सुरी आता कशी कापते, याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. दगड विकतो तो आम्ही त्यासाठी.