हप्त्यावरचं अंतराळयान

सायन्स फिक्शनचा आरपीजी (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळायचा, एवढं ठरायला चार जणांना दहा मिनिटं पुरतात. कोणत्या सिस्टिमवर, म्हणजे कोणाच्या नियमांनी, खेळायचा हे ठरेपर्यंत एकाची बदली होते आणि दुसऱ्याला मूल होतं. तलवारी-ड्रॅगनवाल्यांचं बरं असतं. 'डी अँड डी' (डंजन्स अँड ड्रॅगन्स) म्हटलं की विषय मिटतो. अंतराळात मात्र प्रत्येकाचं आकाश वेगळं. एकाला लेझर झाडायचे असतात, एकाला अंधाऱ्या बोळात एलियनला घाबरायचं असतं, एकाला ग्रहाग्रहांत व्यापार करायचा असतो, आणि चौथा चिवडा असेल तर येतो.

नियमांच्या पुस्तकाचं मलपृष्ठ वाचून निवड करू नये. अनंत आकाशगंगा प्रत्येक मलपृष्ठावर असतेच. मी एकच गोष्ट बघतो: दान वाईट पडलं की हा खेळ आपल्याकडून काय वसूल करतो?

ट्रॅव्हलर हा यातला आजोबा. मार्क मिलर यांनी तो १९७७ साली आणला; आजची चालू आवृत्ती माँगूस या ब्रिटिश कंपनीची. लागतात सहा बाजूंचे २ फासे, म्हणजे ल्यूडोच्या आणि सापशिडीच्या डब्यातून एकेक उचलला की खरेदी संपली. दोन्हींची बेरीज, त्यात कौशल्य मिळवायचं, ८ किंवा वर गेलं की जमलं. इतर भर सोडली तर कौशल्य ० असलेल्याला ३६ पैकी १५ दानं साथ देतात, म्हणजे ४२ टक्के. कौशल्य १ असेल तर ५८, २ असेल तर ७२. कौशल्यच नसेल तर उणे ३, म्हणजे ११ किंवा १२ च हवेत. ८ टक्के! डी अँड डीच्या वीस बाजूंच्या फाशावर वाढलेल्या जीएमला (गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) इथे हमखास चकवा बसतो. तिकडे +१ म्हणजे ५ टक्के, इकडे सुरुवातीलाच १७. तो उदार मनाने "घे रे +२" म्हणतो आणि टेबलावरची धाकधूक तिथेच संपते.

पात्र बनवणं म्हणजे पात्राची नोकरी लावणं. १८ व्या वर्षी रुजू व्हायचं, ४-४ वर्षांच्या मुदती काढायच्या, दर मुदतीला जगण्याचं दान टाकायचं. मूळ नियमांत ते चुकलं की पात्र खलास, बारशालाच बारावं. आता तेवढं क्रौर्य उरलेलं नाही, अपघात होतो आणि नोकरी जाते. ३४ पासून म्हातारपणाचं दानही टाकावं लागतं. पण आणखी एक मुदत म्हणजे आणखी कौशल्यं, हा लोभ कोणाला सुटलाय? मग अंतराळवीर तयार होतो तो बेचाळिशीचा, जिना चढताना कठडा धरणारा. ही पात्रं सगळ्यांनी एकत्र बसूनच करावीत. अख्खी संध्याकाळ जाते, जाऊ द्यावी. प्रत्येकाने घरून करून आणली की चार जणांत तीन माजी सैनिक निघतात आणि पायलट एकही नाही.

आता मुख्य गोष्ट. जहाज कर्जाने मिळतं. किमतीचा २४० वा भाग दरमहा, ४० वर्षं. एकूण ४८० हप्ते. घरकर्जवाल्यांनी डोळे पुसून पुढे वाचावं.

ट्रॅव्हलरच्या जुन्या पुस्तकातलं २०० टनी फ्री ट्रेडर हे व्यापारी जहाज घेऊ. किंमत ३,७०,८०,००० क्रेडिट (खेळातलं चलन), म्हणजे हप्ता १,५४,५००. ताऱ्यांमधल्या एका उडीत १ पार्सेक (सव्वातीन प्रकाशवर्षं) जातं, उडीला साधारण आठवडा लागतो. मग आठवडाभर बंदरात माल शोधायचा. महिन्याला फेऱ्या दोनच. माल मावतो ८२ टन, भाडं टनाला १,०००. काठोकाठ भरलं तरी दोन फेऱ्यांचे १,६४,०००. हप्ता फेडून हातात राहिले ९,५००. आणि एका फेरीचं शुद्ध इंधन ३० टन, टनाला ५०० प्रमाणे १५,०००. खलाशांचे पगार अजून कोणी काढलेलेच नाहीत.

मग प्रवासी घ्यायचे. १० खोल्यांतल्या ४ खलाशांच्या, उरल्या ६. मधल्या वर्गाचं तिकीट ८,०००. सगळ्या भरल्या तर गाडं रुळावर. नाही भरल्या तर वायूच्या ग्रहावरून अशुद्ध इंधन फुकट उपसायचं आणि इंजिनाने दगा देऊ नये म्हणून हात जोडायचे. तेही भागेना, तेव्हा बंदरावरच्या गुत्त्यात कोणीतरी हळूच सांगतो, "एक पेटी पोचवायची आहे. उघडायची नाही." कथानक लिहायला जीएम लागत नाही, हप्ता पुरतो. म्हणूनच दयाळू जीएमने कर्ज माफ केलं की जहाज बंदरातून हलतच नाही. हप्ता नकोच असेल तर स्काउट (टेहळणी) सेवेतल्या पात्राला निवृत्तीत १०० टनी जुनं जहाज वापरायला मिळू शकतं. दान चांगलं पडलं तर.

या खेळाचं मरण एक्सेलमध्ये आहे. एक जण लॅपटॉप उघडतो आणि बाकीचे तिघे त्याच्या पाठीकडे बघत बसतात. मालाचा हिशेब दोन सेशनच्या मधल्या दिवसांत उरकावा, टेबलावर फक्त "किती कमी पडले?" एवढंच यावं.

हप्त्यापेक्षा भीती बरी वाटणाऱ्यांसाठी मदरशिप आहे. खेळाडूंच्या पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते. शंभरपर्यंतचं दान पात्राच्या गुणाच्या खाली पडायला हवं, आणि गुण असतो २५ अधिक दहा बाजूंच्या २ फाशांची बेरीज, सरासरी ३६. म्हणजे तीनातली जवळपास दोन दानं वाया, आणि प्रत्येक अपयशाला १ स्ट्रेस. घबराटीच्या वेळी वीसचा फासा स्ट्रेसच्या वर पडावा लागतो. इथे नवा जीएम दार उघडायलाही दान टाकायला लावतो आणि तासाभरात चौघे भेदरून गठडी वळून पडतात. दान तेव्हाच मागावं जेव्हा चुकलं तर कोणीतरी मरेल. स्वीडिश कंपनीचा एलियन (२०१९) याहून लबाड: स्ट्रेसचे फासे हातात वाढतात, त्याने यश वाढतं, पण त्यांतल्या एकावरही १ आला की घबराटीचं दान. तीन असे फासे असतील तर ती शक्यता ४२ टक्के. छान खेळ, पण तीन-चार रात्रींचा. वर्षभर चालवायला पात्रं उरत नाहीत.

स्टार्स विदाउट नंबर खेळाडूंसाठी नव्हे, जीएमसाठी घ्यावा. केव्हिन क्रॉफर्ड यांची २०१७ ची सुधारित आवृत्ती फुकटातही मिळते. षटकोनी चौकटींच्या नकाशावर दहाचा फासा अधिक २० इतके तारे मांडायचे, दर ग्रहाला त्याचा स्वभाव सांगणाऱ्या २ खुणा लावायच्या आणि दोन्हींची गाठ घालून भानगड शोधायची. खेळायचा असो ट्रॅव्हलर, ग्रह इथूनच उचलावेत; कोणी तक्रार करत नाही. कोणत्याही कथेला चालणाऱ्या गर्प्स या सिस्टिमबद्दल एवढंच, की त्यात सगळं काही आहे, आणि तेच त्याचं दुखणं.

कोणीच वाचणार नसेल तर जॉन हार्पर यांचा लेझर्स अँड फीलिंग्ज. नियम एका पानात. २ ते ५ मधला एक आकडा निवडा. डोक्याने करायचं काम असेल तर त्याखालचं दान हवं, मनाने करायचं असेल तर त्यावरचं. नेमका तोच आकडा पडला तर जीएमला एक प्रश्न विचारायचा, त्याने खरं उत्तर द्यायचं. पात्र चिवडा ताटलीत पडेपर्यंत तयार होतं. एका रात्रीपुरता याला तोड नाही. दुसऱ्या रात्री मात्र त्या पानात नवं काही सापडत नाही.

आणि वर्षभराचा ट्रॅव्हलरच ठरला, तर जहाजाचा खजिनदार चिवड्यासाठी येणाऱ्या चौथ्याला करावं. नियम त्याने वाचलेले नसतात, पण घरकर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला त्याच्याच खात्यातून जातो.