‘३२० चा एमपीथ्री पुरतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या प्रतिक्रियेतला एक मुद्दा अगदी रास्त आहे आणि बाकीचे बरेच जण मांडतात, म्हणून सविस्तर लिहितो. आपलं म्हणणं असं: बोलींच्या अभ्यासासाठी घेतलेल्या मुलाखतींना ३२० केबीपीएसचा (सेकंदाला ३२० किलोबिट साठवणारा) एमपीथ्री पुरतो, कानाला फरक कळत नाही, वेव्हच्या (ध्वनी काहीही न गाळता साठवणाऱ्या फाइलीच्या) आग्रहामुळे विद्यार्थ्यांच्या डिस्क उगाच भरतात, आणि लागलंच तर एमपीथ्रीचा वेव्ह नंतर करता येतो.

कानाचं म्हणणं मान्य. ३२० वर बहुतेकांना फरक ऐकू येत नाही, आवाजाची उंची आणि पहिले दोन फॉर्मंटही (स्वराची ओळख ठरवणाऱ्या कंपनांच्या पट्ट्या) फारसे हलत नाहीत. पण एमपीथ्री कानासाठीच घडवलेला आहे. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज तो ढोबळपणे साठवतो किंवा सोडून देतो. जात्यावरच्या ओवीचं ध्वनिमुद्रण घ्या. जात्याची सलग घरघर आणि तिच्याखाली दबलेली दुसऱ्या बाईची साथ. काय झाकलं गेलंय आणि काय सोडायचं, हे तिथे एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम) ठरवतो. पुढे कोणाला ती साथच अभ्यासायची असेल, याची त्याला कल्पना नसते.

उच्चारांचंही तेच. ‘चोर’मधला च आणि ‘चार’मधला च यांतला फरक घर्षणाच्या वरच्या पट्टीत, ४ किलोहर्ट्झच्या पलीकडेही, मोठ्या प्रमाणात असतो. एमपीथ्री ध्वनी छोट्या तुकड्यांत, म्हणजे फ्रेममध्ये, साठवतो; एक फ्रेम ११५२ नमुन्यांची, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २४ मिलिसेकंदांची. फ्रेममधली चूक स्फोटाच्या (क, ख म्हणताना अडवलेली हवा सुटते त्या क्षणाच्या) आधीच्या शांततेत पसरते, आणि ‘क’-‘ख’मधला महाप्राणाचा काळ मोजताना स्फोट नेमका कुठे सुरू झाला, हे धूसर होतं. ३२० वर हा दोष थोडा, १२८ वर चांगलाच जाणवणारा.

पण माझा मुख्य आक्षेप पहिल्या एमपीथ्रीवर नाहीच. संशोधनातली फाइल एकदा साठवून तशीच राहत नाही. कोणी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात खोकला कापतं, कोणी आवाज वाढवतं, कोणी मुलाखतीचे तुकडे पाडतं, आणि प्रत्येक वेळी पुन्हा एमपीथ्री म्हणून निर्यात होते. दर खेपेला नवं नुकसान जुन्यावर चढतं आणि ते कितव्यांदा झालं, हे फाइल सांगत नाही. शिवाय बदलत्या बिटरेटच्या एमपीथ्रीत वेळेचा नेमका ठाव लागत नाही. एलान या ध्वनीवर नोंदी करण्याच्या प्रोग्राममध्ये घातलेल्या खुणा दुसऱ्या प्लेअरमध्ये सरकलेल्या दिसतात.

जागेबद्दल आपण रास्त बोलता, पण हिशेब करून पाहू. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह तासाला सुमारे ५१८ एमबी; ३२० चा एमपीथ्री १४४ एमबी. शंभर तासांना ५२ जीबी विरुद्ध साडेचौदा. एका माणसाच्या मुलाखतीला एकच माइक असेल तर स्टिरिओ नको, तिथेच निम्मी जागा वाचते. ९६ किलोहर्ट्झचीही बोलण्यासाठी गरज नाही. आणि तरीही जड वाटलं तर फ्लॅक करा, म्हणजे काहीही न गमावता दाबून ठेवणारी फाइल. बोलण्याच्या फाइली साधारण निम्म्यावर येतात आणि एकही नमुना हरवत नाही. फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीची एमडी५ खूण (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) आतच असते, त्यामुळे टेस्टचा पर्याय चालवला की फाइल बिघडली का ते कळतं. साध्या वेव्हमध्ये अशी खूण नसते. तिथे चेकसमची (अशाच ओळखीच्या आकड्यांची) वेगळी यादी ठेवावी लागते. एक काळजी मात्र घ्या: रेकॉर्डरने ब्रॉडकास्ट वेव्हमध्ये (जादा माहिती सोबत ठेवणाऱ्या वेव्हमध्ये) तारीख-वेळ लिहिली असेल, तर ‘फॉरेन मेटाडेटा’ राखण्याचा पर्याय दिल्याशिवाय फ्लॅक ती टाकून देतो.

आता ‘नंतर वेव्ह करू’. त्याने फाइल फुगते, गेलेलं परत येत नाही. वर पुढच्या माणसाला ती अस्सल वाटते, हे जास्त घातक. संशय आला तर प्राट या उच्चार-विश्लेषणाच्या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्रामची (ध्वनीतल्या कंपनांच्या चित्राची) मर्यादा २०,००० हर्ट्झपर्यंत वाढवा. मूळची मर्यादा ५,००० असते, म्हणून दोष दिसतच नाही. ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झच्या वेव्हमध्ये १६ किलोहर्ट्झपाशी सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसली, तर ती फाइल बहुधा कधीतरी एमपीथ्री किंवा तत्सम रूपातून गेलेली आहे.

आपल्याकडे आधीच जमलेल्या एमपीथ्री आणि फोनच्या एम४ए फाइली टाकू नका आणि बदलूही नका. त्या आहेत तशा मूळ प्रत म्हणून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, चेकसम काढा, आणि कोणत्या फोनवर, कोणत्या ॲपने, किती बिटरेटला नोंदल्या ते सोबतच्या मजकूर-फाइलीत लिहा. कामासाठी त्यांच्यावरून एकदाच वेव्ह काढा, कापाकापी त्यावरच करा, आणि नावातच ‘एमपीथ्रीवरून’ असा शब्द घाला. पुढच्या मुलाखतींसाठी फोनच वापरायचा असेल तर वेव्ह नोंदणारं ॲप घ्या, आवाज आपोआप कमी-जास्त करणं आणि गोंगाट गाळणं दोन्ही बंद करा, कारण ते नुकसान फाइल लिहिली जाण्याआधीच होतं. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. ऐकायला पाठवायची प्रत एमपीथ्रीच असू द्या. त्या कामाला तो उत्तम आहे.