ठरवून केलेला चांगुलपणा खोटा नसतो

सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. सोसायट्यांच्या ग्रुपवर, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, अगदी सकाळी तळजाईला फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरसुद्धा. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: चांगुलपणा रक्तातच असावा लागतो. रोज एक तरी सत्कृत्य करायचं असं ठरवून करणारे ढोंगी असतात. एकवीस दिवसांत अंगवळणी पडलं नाही, तर तो तुमचा स्वभावच नव्हे. किरकोळ मदतीने कुणाचं काही बदलत नाही आणि लोकांना ती नकोच असते. अपघातात तर हात लावूच नका, पोलीस आणि कोर्ट मागे लागतील. मला यातलं एकही विधान पटलेलं नाही, आणि शेवटचं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल असं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

रक्तातच असावा लागतो, हा पहिला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनला केलेला एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मशिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांना एकेकटं, छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. वाटेत एका दारात एक माणूस मान खाली घालून खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांच्या हाताशी भरपूर वेळ होता, त्यांच्यातले 63 टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, लवकर जा’ असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त 10 टक्के. काहींच्या भाषणाचा विषयच मुळी जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या माणसाची बायबलमधली गोष्ट हा होता, तरी त्याने फारसा फरक पडला नाही. मुलं सारखीच होती, फरक घाईचा होता. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर कुणी म्हातारं माणूस रस्ता ओलांडायला ताटकळलेलं असतं आणि आपण शेजारून निघून जातो, तेव्हा आपण वाईट असतो असं मला वाटत नाही. आपल्याला उशीर झालेला असतो. दहा मिनिटं आधी घर सोडणं ही मी चांगुलपणाचीच सवय मानते.

आता ढोंगाचा मुद्दा. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो पुण्यात बसून पुढे पाठवला जातोय. गरीब विद्यार्थी इथे वार लावून जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार लागले की पोराची शिक्षणाची सोय झाली. ज्या घरचा वार असेल तिथे त्या दिवशी तांदूळ थोडे जास्त वैरले जायचे. त्या सोमवारी घरातल्या बाईला आतून माया दाटून आली होती का, हे कुणी विचारलं नाही. तिला बरं नसेल, घरात कटकट झाली असेल, तरी ताट वाढलं गेलं. ही सोय बहुतेक जातीच्या चौकटीतच फिरायची, हे विसरून चालणार नाही. ती चौकट मोडणारा माणूसही पुण्यातलाच. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. पाणी एकदा देऊन भागत नाही, ते रोज लागतं. म्हणून तो हौद एका दिवसाची उदारता नव्हता, रोजची होती, आणि तीही पुरती ठरवून केलेली.

वार ठरवण्याला आधुनिक अभ्यासाचाही थोडा आधार आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सहा आठवडे, दर आठवड्याला पाच सत्कृत्यं केली. पाचही एकाच दिवशी करणाऱ्यांचं समाधान वाढलं, आठवडाभर विखरून करणाऱ्यांचं तसं वाढलं नाही. एका प्रयोगावर मी इमला बांधणार नाही. पण ठरवून केलं म्हणून त्यातला आनंद आटतो, हे त्यातून दिसत नाही.

एकवीस दिवसांचं थोडक्यात सांगते. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये आपल्या रुग्णांबद्दल लिहिलं होतं, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला त्यांना किमान एकवीस दिवस लागतात. पुढे त्यातला ‘किमान’ गळला आणि चेहराही गळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लाली यांनी 96 जणांच्या खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या नव्या सवयी तपासल्या, तेव्हा सवय लागायच्या काळाचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, 66 दिवसांवर आला आणि माणसामाणसातला फरक 18 ते 254 दिवस इतका निघाला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फार बिघडलं नाही, हेही दिसलं. तेव्हा बाविसाव्या दिवशी कुणी स्वतःला नापास करू नये.

किरकोळ मदतीने काय होतं? अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, टिळकांनी पाठबळ दिलं, आणि 1908 मध्ये तळेगावला त्यातून काच कारखाना निघाला. पण मला इतकं मोठं उदाहरणसुद्धा नको. आपल्या दारातलंच बघा. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था. तिच्या ताई रोज सकाळी पुण्यातल्या लाखो घरांचा कचरा नेतात आणि पुढे हातांनी वेगळा करतात. वापरलेलं सॅनिटरी पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते न उघडता बाजूला ठेवता येईल, एवढीच विनंती संस्थेने 2017 च्या मोहिमेत केली होती. फुटलेली काच वेगळी बांधून ‘ताई, यात काच आहे’ असं सांगायला किती वेळ लागतो? ते न केल्याने कुणाचा तरी हात कापतो. त्या हाताला जाऊन सांगा, की हे किरकोळ आहे.

लोकांना मदत नकोच असते, यालाही फारसा आधार नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या शिकागोतल्या प्रयोगात बर्फावर स्केटिंग करायला आलेल्यांनी अनोळखी माणसांना गरम चॉकलेट दिलं. घेणाऱ्याला किती आनंद होईल याचा देणाऱ्यांनी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमीच निघाला. मात्र विचारून करावं, एवढं मी जरूर म्हणेन. सिग्नलला उभ्या अंध माणसाचा दंड धरून ओढू नये. ‘काका, सोबत येऊ का?’ म्हणावं आणि आपलं कोपर पुढे करावं, म्हणजे किती घट्ट धरायचं ते त्यांच्या हातात राहतं. नको म्हणाले, तर नको.

राहिला अपघात. नवले पुलाच्या उतारावर किंवा सोलापूर रस्त्यावर कुणी रक्तात पडलेलं असताना या मेसेजमुळे एक जरी गाडी पुढे निघून गेली, तरी ते भयंकर आहे. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी बंधनकारक केल्या. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय तातडीची मदत करताना काही चूक झाली आणि जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. 2020 च्या नियमांनुसार पोलीस त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याने ठरवायचं, आणि तो तयार झाला तर जबाब त्याच्या सोयीच्या जागी, अगदी त्याच्या घरीही घेता येतो. आधी 108 ला फोन लावा. मदत करणाऱ्याच्या हक्कांचा फलक प्रत्येक सरकारी आणि खाजगी रुग्णालयाने प्रवेशद्वारापाशी किंवा ठळक जागी, मराठीतही, लावायचा असतो. तुमच्या जवळच्या रुग्णालयात तो दिसला नाही, तर स्वागतकक्षात जाऊन विचारा.